न दिसणारा दिवा



जोंधळा हुरड्याला आला की रात्री राखणीला जावे लागते. माळ्यावर बसलेल्या राखणदाराजवळ पूर्वी कंदील असे, हल्ली बॅटरी असते. हा उजेड मोठा चमत्कारिक सोबती आहे. कंदिलाने राखणदाराला दहा-पंधरा पावलांपलीकडचे काही दिसत नाही; पण राखणदार कुठे बसला आहे, हे मात्र अर्ध्या कोसावरून कोणालाही दिसते. चोर तर कंदील बघूनच आपली वाट ठरवतो. म्हणून जाणता राखणदार उजेड झाकून बसतो आणि चाहूल लागली की तेवढ्यापुरताच टाकतो.

दिवा लावावा तर आपण दिसतो, विझवावा तर आपल्याला दिसत नाही. या पेचातून सुटायचे, तर असा एखादा दिवा हवा की ज्याचा उजेड फक्त आपल्याला दिसेल, दुसऱ्याला दिसणार नाही. ऐकायला ही जादूच्या गोष्टीतली कल्पना वाटते. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या काळात असा दिवा खरोखरच तयार झाला. रणगाडे आणि चिलखती गाड्या हाकणाऱ्या सैनिकांसाठी त्याच्या जोडीला रात्रीचा चष्माही तयार झाला. तो दिवा कसा, तो चष्मा कसा, आणि त्या दोघांनी तो जुना पेच सुटला की नाही, हे आजच्या भाषणात पाहू.

प्रथम रणगाड्याच्या आत डोकावू. बाहेरून हे धूड पाहिले म्हणजे वाटते, याला कशाची भीती? पण आत बसणाऱ्यांची अवस्था निराळी असते. साधारणपणे चौघेजण असतात : गाडी हाकणारा चालक, तोफ रोखणारा तोफची, तोफेत गोळा भरणारा, आणि या सर्वांवर हुकूम चालवणारा कमांडर. भोवती जाड पोलाद. पोलादाला खिडकी ठेवली तर त्यातून गोळीही आत येईल, म्हणून खिडकी नाही. बाहेरचे पाहावयाचे ते आरशांच्या किंवा लोलकांच्या उभ्या नळीतून, म्हणजे पेरिस्कोपमधून. दाराच्या फटीतून अंगणात पाहावे तसे ते पाहणे. भर दुपारी ही स्थिती, मग अमावास्येच्या रात्री काय होत असेल? रणगाडा म्हणजे तीस-चाळीस टनांचा आंधळा हत्ती. ओढा, विहीर, उतार, आपलेच झोपलेले पायदळाचे शिपाई, काहीही त्याच्या वाटेत येऊ शकते. चालकाची एक चूक म्हणजे चौघांचा, आणि कधी कधी वाटेतल्या दुसऱ्या कोणाचा तरी जीव.

कोणी म्हणेल, माणसाचा डोळा अंधाराला सरावतो की! सरावतो, हे खरे. आपल्या डोळ्याच्या पडद्यात दोन जातींच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी दिवसा काम करतात आणि रंग ओळखतात. दांडीच्या आकाराच्या पेशी मंद उजेडात काम करतात; त्यांना रंग कळत नाही, पण अगदी थोडा उजेड पुरतो. या दुसऱ्या पेशी पुरत्या जाग्या व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. त्यांच्यातल्या रसायनाला ‘अ’ जीवनसत्त्व लागते. ते जेवणात कमी पडले की रातांधळेपणा येतो, हे शिक्षकबंधूंना ठाऊक आहेच. पण रणांगणावर सरावलेल्या डोळ्याचा भरवसा धरता येत नाही. स्वतःच्याच तोफेचा एक भडका उडाला की अर्ध्या तासाची कमाई क्षणात जाते, आणि पुन्हा डोळ्यांपुढे काळोख.

मग दिवेच लावले तर? तोही प्रयोग झाला. इंग्रजांनी महायुद्धात रणगाड्यांवर अतिप्रखर विजेचे झोत बसवले आणि मार्च १९४५ मध्ये ऱ्हाईन नदी ओलांडताना ते वापरले. पण असा झोत म्हणजे शत्रूला आपण होऊन दिलेला पत्ता. म्हणून शास्त्रज्ञांची नजर वळली ती डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाकडे.

हा उजेड सापडला तो मात्र दीडशे वर्षे आधी, आणि लढाईशी काही संबंध नसलेल्या माणसाला. इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल नावाचे ज्योतिषशास्त्रज्ञ होते. ते मूळचे वादक. आकाश पाहण्याच्या छंदातून त्यांनी १७८१ साली युरेनस हा ग्रह शोधला. पुढे १८०० साली त्यांनी सूर्याचा किरण लोलकातून नेऊन त्याचे सात रंग मेजावर पाडले आणि कोणत्या रंगात किती ऊब आहे हे पाहण्यासाठी त्यांत तापमापक ठेवले. जांभळ्याकडून तांबड्याकडे जावे तशी ऊब वाढत गेली. मग त्यांनी तापमापक तांबड्याच्याही पलीकडे, जिथे काहीच रंग दिसत नव्हता तिथे ठेवला. तिथे पारा सर्वांत वर चढला! म्हणजे तिथे किरण होते, फक्त आपल्या डोळ्यांना ते दिसत नव्हते. या किरणांना आपण अवरक्त किरण म्हणतो. इंग्रजी नाव इन्फ्रारेड.

यात गूढ असे काही नाही. पेटीच्या काही पट्ट्यांचे स्वर आपल्याला ऐकू येतात. पण पेटी त्याच्याही खाली चालू राहिली तर अतिखर्जातले स्वर आपल्या कानाला कळणार नाहीत. उजेडाचेही तसेच आहे. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर एका भागाला मायक्रॉन म्हणतात. उजेडाच्या ज्या लहरींची लांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते, त्या आपल्या डोळ्यांना दिसतात. त्याहून लांब लहरी सूर्यापासून येतात, चुलीतून येतात, दिव्यातून येतात. पण डोळा त्यांची दखल घेत नाही.

गंमत अशी की आपला जुना तारेचा विजेचा बल्ब हा मुळात अवरक्त किरणांचाच दिवा होता. तो जेवढी वीज खाई, तिचा दहावा हिस्साही आपल्याला दिसणाऱ्या उजेडात पडत नसे. बाकी बहुतेक सारी अवरक्त किरणांत आणि उष्णतेत जाई. म्हणून न दिसणारा दिवा तयार करणे सोपे होते. मोटारीच्या दिव्यासमोर एक खास काळसर काच बसवायची. ही काच दिसणारा उजेड अडवते आणि अवरक्त किरण पुढे सोडते. झाला दिवा तयार! अगदी जवळून पाहिले तर काचेत मंद लालसर निखारा दिसे, दूरवरून मात्र काहीच नाही. अडवलेला उजेड काचेत मुरून तिला तापवी, एवढाच काय तो त्रास.

दिवा सोपा, पण त्या दिव्यात पाहायचे कसे? जो उजेड डोळ्यांना दिसत नाही, तो दिसणाऱ्या उजेडात बदलणारे यंत्र हवे होते. त्याची किल्ली १८८७ साली जर्मनीत हाइनरिख हर्ट्‌झ यांना सापडली. काही धातूंवर विशिष्ट उजेड पडला की त्यांचे विद्युत्‌गुण बदलतात, असे त्यांच्या लक्षात आले. उजेडाच्या माऱ्याने धातूतून इलेक्ट्रॉन, म्हणजे विजेचे सूक्ष्म कण, बाहेर उडतात, हे पुढे स्पष्ट झाले. असे का घडते याचा उलगडा आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ साली केला आणि त्याच कामाबद्दल त्यांना १९२१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक धातूंतून कण उडवायला जोरकस उजेड लागतो. अवरक्त किरणांत तेवढा जोर नसतो. परंतु चांदी, प्राणवायू आणि सीझियम नावाचा मऊ धातू यांचा पातळ लेप असा निघाला, की जो अवरक्त किरणांनाही दाद देतो.

या लेपाचा उपयोग करून १९३४ साली हॉलंडमध्ये फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत होल्स्ट, द बूर आणि त्यांचे सहकारी यांनी एक निर्वात नळी तयार केली. पुढे सारे रात्रीचे चष्मे या नळीच्या कुळातले. तिची रचना डोळ्यांपुढे आणा. हवा काढून टाकलेली काचेची नळी आहे. तिच्या पुढच्या तोंडावर आतून तो लेप दिलेला आहे, आणि मागच्या टोकाला जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यासारखा, कण आदळले की चमकणारा पडदा आहे. नळीसमोर कॅमेऱ्यासारखे भिंग. दिव्यातून निघालेले अवरक्त किरण झाडावर, दगडावर, गाडीवर आपटून परत येतात. भिंग त्यांचे चित्र लेपावर पाडते. चित्र आपल्याला दिसत नाही, पण लेपाला कळते. जिथे किरण जास्त पडले तिथून इलेक्ट्रॉन जास्त उडतात, जिथे कमी तिथून कमी. नळीच्या दोन टोकांना हजारो व्होल्टचा विजेचा दाब दिलेला असतो. गोफणीतून दगड सुटावा तसे हे कण त्या दाबाने पडद्याकडे फेकले जातात. ज्या क्रमाने ते निघाले त्याच क्रमाने आदळतात आणि पडद्यावर हिरवट उजेडात तेच चित्र उमटते. सैनिक मागून एका भिंगातून तो पडदा पाहतो. म्हणजे समोरचे जग तो थेट पाहतच नाही. जगाचे हिरवे चित्र पाहतो.

हजारो व्होल्टचा दाब म्हटल्यावर आपल्यासमोर विजेचे मोठे रोहित्र उभे राहते. ते सैनिकाच्या डोक्यावर कसे बांधणार? इथे इंग्रजांच्या कामी एक जुनी वस्तू आली. जुझेप्पे झांबोनी नावाच्या इटालियन धर्मगुरूने १८१२ साली कागदाच्या चकत्यांची एक कोरडी विजेची चळत केली होती. कागदाच्या एका बाजूला धातूचा वर्ख आणि दुसऱ्या बाजूला मँगनीजच्या भुकटीचा लेप. अशा हजारो चकत्या पत्त्यांच्या कॅटाप्रमाणे एकावर एक रचायच्या. प्रत्येक चकतीची वीज अगदी क्षुल्लक, पण सगळ्यांची मिळून हजारो व्होल्ट. यातून प्रवाह नावापुरताच मिळतो, म्हणून दुसऱ्या कशालाच तिचा उपयोग होत नाही. पण नळीला दाब हवा होता, प्रवाह जवळजवळ नकोच होता. ऑक्सफर्ड विद्यापीठात अशाच कोरड्या चळतींवर चालणारी एक घंटा १८४० सालापासून ठेवलेली आहे आणि तिचा लोलक इतक्या वर्षांनंतरही हलतो. सव्वाशे वर्षे कपाटात पडून राहिलेली ही चीज ब्रिटिश अवरक्त दुर्बिणींच्या पोटात जाऊन बसली.

या ब्रिटिश उपकरणांना ‘टॅबी’ असे सांकेतिक नाव होते. टॅबी म्हणजे पट्टेरी मांजर. गाडी चालवणाऱ्यासाठी त्यांत एक जोड-दुर्बीण होती. तिच्यात दोन डोळ्यांसाठी दोन नळ्या, आणि ती डोक्यावरच्या टोपाला अडकवलेली. गाडीच्या दिव्यांवर काळी काच चढवायची, दुर्बीण डोळ्यांवर ओढायची आणि काळोखात गाडी हाकायची. आजच्या रात्रीच्या चष्म्यांची ही आजी म्हणावी. आजींचा चष्मा जसा जड, तशीच ही जड. मान अवघडे, डोळे शिणत. बांबूच्या नळीतून पाहावे तसा समोरचा थोडाच टापू दिसे, म्हणून चालकाला सारखी मान फिरवावी लागे. दिवा आणि डोळा एकाच बाजूला असल्याने वस्तूंच्या सावल्या त्यांच्याच मागे लपत आणि सारे सपाट दिसे. खड्डा किती खोल, बांध किती उंच, याचा अंदाज चुके. धूळ उडाली की झोत धुळीवरच उजळे. आणि दुर्बीण टोपावर असल्याने तिचा लाभ घ्यायचा तर डोके पोलादाबाहेर काढावे लागे.

जर्मनांनी निराळी वाट धरली. युद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, त्यांनी ‘पँथर’ जातीच्या काही थोड्या रणगाड्यांवर कमांडरच्या झरोक्यापाशी एक अवरक्त झोत आणि त्याच्या शेजारी पाहण्याची नळी बसवली. तिने सुमारे ६०० मीटरपर्यंत दिसे. पण दिसे ते फक्त कमांडरला! खाली बसलेला चालक आंधळाच. कमांडर वरून पाही आणि कानातल्या टेलिफोनवर सांगे : डावीकडे, थोडे अजून, थांब. आपल्याकडे आंधळ्या-पांगळ्याची गोष्ट आहे ना, पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसतो आणि वाट दाखवतो, तीच ही तऱ्हा. सांगणाऱ्याचा शब्द क्षणभर उशिरा आला की गाडी खड्ड्यात. सहाशे मीटर पुरत नाहीत म्हणून एका चिलखती गाडीवर ६० सेंटिमीटर व्यासाचा मोठा अवरक्त झोतही त्यांनी चढवला. तिचे नाव ‘ऊहू’, म्हणजे घुबड. ही साधने फार उशिरा आणि फार थोडी आली. युद्धाचा निकाल त्यांनी बदलला नाही.

इंग्रजांनी मांजराचे नाव ठेवले, जर्मनांनी घुबडाचे. पण खरे पाहता दोन्ही नावे चुकलीच म्हणायची. मांजर आणि घुबड काही कपाळावर दिवा बांधून हिंडत नाहीत. आकाशातून झिरपणारा चिमूटभर उजेड त्यांना पुरतो. या पहिल्या चष्म्यांना मात्र स्वतःचा दिवा लागत होता. हा फरक लक्षात ठेवा. पुढची सारी गोष्ट त्यावरच आहे.

या हिरव्या चित्रातले जगही विचित्र असते, तेही ऐका. त्यात रंग नसतात. झाडांची पाने मात्र चांदण्यात न्हाल्यासारखी उजळ दिसतात. कारण पानातले हरितद्रव्य तांबडा उजेड खाते, पण अवरक्त किरण खात नाही. ते पानाच्या आतल्या पेशींवरून मोठ्या प्रमाणात परततात. आता पाहा, रणगाडा झाडीत लपावा म्हणून त्याला पानासारखा हिरवा रंग दिलेला. डोळ्यांना तो पानांत मिसळून जातो. पण साधा हिरवा रंग अवरक्त किरण गिळतो. म्हणून चष्म्यातून पाहणाऱ्याला उजळ पानांत काळा ठिक्कर रणगाडा उठून दिसे. यामुळे पुढे सैन्यासाठी निराळे रंग तयार करावे लागले, जे अवरक्त किरणांतही पानांसारखेच वागतील.

महायुद्धानंतर सोव्हिएत रशियाने हे साधन चैनीचे न ठेवता सरसकट केले. १९५० च्या दशकात त्यांच्या टी-५४ रणगाड्यावर, आणि पुढे टी-५५ वर, अवरक्त साधने कारखान्यातूनच बसून येऊ लागली. आता एकट्या कमांडरने सर्वांचे डोळे होण्याची गरज राहिली नाही. चालकाला त्याची स्वतःची दुर्बीण आणि गाडीच्या पुढच्या अंगाला काळ्या काचेचा दिवा. त्याने पन्नास-साठ मीटरपर्यंतची वाट दिसे. कमांडरला त्याचा झोत निराळा. तोफचीसाठी तोफेशेजारी ‘लूना’ नावाचा मोठा झोत. लूना म्हणजे चंद्र. तोफ जिकडे वळे तिकडे हा काळा चंद्र वळे आणि सुमारे ८०० मीटरपर्यंतचे लक्ष्य दिसे. हेच टी-५४ आणि टी-५५ रणगाडे भारतीय सैन्यातही आले आणि १९७१ च्या युद्धात लढले. आपल्या जुन्या अहमदनगरला, २०२४ पासून ज्याचे नाव अहिल्यानगर झाले त्या शहरात, चिलखती दलाचे मोठे शिक्षणकेंद्र आहे, आणि १९९४ साली तिथे रणगाड्यांचे संग्रहालय उघडले. शाळेची सहल तिकडे गेली तर मुलांना एक खेळ द्यावा : कोणत्या रणगाड्यावर किती दिवे आहेत आणि ते कोणासाठी, हे शोधायला सांगावे. तोफेशेजारी मोठा गोल दिवा दिसला तर तो कशाचा, हे आता तुम्ही सांगू शकाल.

आता मूळ पेचाकडे येऊ. न दिसणारा दिवा मिळाला; पण तो कोणाला दिसत नाही? ज्याच्याजवळ चष्मा नाही त्याला. उद्या शत्रूनेही तसाच चष्मा केला तर? मग अंधारात पेटलेला तुमचा झोत त्याला भर चौकातल्या गॅसबत्तीसारखा दिसणार. उलट तुमच्यापेक्षा त्याचीच सोय जास्त. तुमचा उजेड जाऊन, आपटून, परत येतो तेव्हा तुम्हाला आठशे मीटरवरचे अंधूक दिसते. त्याला मात्र तुमचा दिवा थेट दिसतो, तोही कितीतरी लांबून. आणि त्याने आपला दिवा लावण्याचीही गरज नाही. कंदिलाचा पेच जसाच्या तसा परत आला, फक्त त्याला काळी काच लागली होती.

हा पेच किती जिवावरचा होता, ते १९७३ च्या ऑक्टोबरात गोलानच्या पठारावर दिसले. सीरियाचे टी-५५ आणि टी-६२ रणगाडे अवरक्त झोत घेऊन रात्रीदेखील चालून आले. समोरच्या इस्रायलच्या सेंच्युरियन रणगाड्यांवर अशी साधने जवळजवळ नव्हतीच. त्यांच्या माणसांनी अंधारात आवाजावर कान ठेवला, प्रकाशाचे गोळे उडवले आणि शत्रूच्या तोफेच्या भडक्यावर नेम धरला. दिवसा हजार-दोन हजार मीटरवरून लढणारे रणगाडे रात्री अगदी जवळ येऊन भिडले. ज्या थोड्या कमांडरांच्या हाती अवरक्त दुर्बीण होती, त्यांना मात्र समोरच्या काळोखात शत्रूचे झोत मांजराच्या डोळ्यांसारखे लुकलुकताना दिसत. ६ ते ९ ऑक्टोबर या चार दिवसांत दोन्ही बाजूंचे इतके रणगाडे आणि इतकी माणसे त्या खोऱ्यात पडली, की त्याला पुढे ‘अश्रूंचे खोरे’ हेच नाव मिळाले. साधन असणाऱ्याला त्याने बळ दिले, हे खरे. आणि त्याच साधनाने त्याचा ठावही सांगितला, हेही तितकेच खरे.

अनुभवाने सैन्यांनी नियम केले. झोत क्षणभरच लावायचा. लावला की जागा बदलायची. एकाने झोत टाकायचा आणि दूर दुसरीकडे अंधारात बसलेल्याने तोफ डागायची. तुमच्या लक्षात आले असेल, उजेड झाकून बसणारा राखणदार याच मार्गाने चालतो. पण नियमांनी पेच टळतो, सुटत नाही. तो सुटायचा तर दिवाच नाहीसा व्हायला हवा होता.

तो दोन मार्गांनी नाहीसा झाला. पहिला मार्ग मांजराचा आणि घुबडाचा. अमावास्येलाही आकाश पूर्ण काळे नसते. चांदण्यांचा उजेड जमिनीवर पडतच असतो. तो इतका वाढवायचा की डोळ्याला पुरावा. एका नळीच्या पडद्यावरचे चित्र दुसऱ्या नळीच्या लेपावर, दुसरीचे तिसरीच्या, अशा तीन नळ्या एकापुढे एक लावल्या तर उजेड हजारो पटींनी वाढतो. अमेरिकनांनी अशा दुर्बिणी १९६० च्या दशकात व्हिएतनाममध्ये वापरल्या. त्या लांब आणि जड होत्या. पुढे तीन नळ्यांचे काम एका पातळ काचेच्या चकतीने केले. तिला लाखो सूक्ष्म आरपार भोके असतात. एक इलेक्ट्रॉन भोकात शिरला की भिंतीवर आपटून आणखी कण उडवतो, ते आणखी उडवतात. एका दाण्याचे कणीस आणि कणसाची रास व्हावी तसे. यामुळे चष्मा लहान झाला आणि रणगाड्याच्या चालकाला, विमान चालवणाऱ्याला, पायदळाच्या शिपायाला तो डोक्यावर बांधता येऊ लागला. अशा नळ्या आपल्याकडेही बनाव्यात म्हणून १९९० साली पुण्यात एक कंपनी निघाली. भारत इलेक्ट्रॉनिक्सने हॉलंडमधील डेल्फ्टच्या कंपनीबरोबर तिची भागीदारी केली. ज्या देशात १९३४ साली पहिली नळी जन्मली, तिथली विद्या अशी पुण्यापर्यंत आली.

दुसरा मार्ग त्याहून निराळा. प्रत्येक ऊबदार वस्तू स्वतःच किरण सोडत असते. माणूस, बैल, नुकतेच बंद केलेले इंजिन, सगळे काही. हे किरण साधारण ८ ते १२ मायक्रॉन लांबीचे असतात. साध्या काचेतून ते जात नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी जर्मेनियम नावाच्या पदार्थाची भिंगे करावी लागतात. या औष्णिक दुर्बिणीला दिवाही लागत नाही आणि चांदणेही लागत नाही. २६ फेब्रुवारी १९९१ रोजी इराकच्या वाळवंटात वाळूचे वादळ सुटले असता अमेरिकन रणगाड्यांनी या दुर्बिणींतून इराकी रणगाडे हेरले. इराकी टी-७२ रणगाड्यांवर तोफेशेजारी अजून जुन्या पद्धतीचा अवरक्त झोतच होता. त्यांतील पुष्कळांना गोळा कुठून आला हेही कळले नाही. अवरक्त झोताचे युग त्या दिवशी उघड उघड मागे पडले.

पण इथेही गोष्ट संपत नाही, हे ध्यानात असू द्यावे. ऊब पाहणारी दुर्बीण आली, तसे ऊब लपवणारे आच्छादनही आले. पाहणारा एक पाऊल पुढे गेला की लपणाराही एक पाऊल पुढे जातो. आणि यंत्र कितीही पुढे गेले तरी पोलादाच्या पेटीत बसलेल्या त्या चार जिवांची रात्र सोपी झाली असे नाही. काळोखाचे भय कमी झाले, आपण कोणाला तरी दिसत आहोत हे भय वाढले.

शिक्षकबंधूंना शेवटी एक छोटा प्रयोग सुचवतो. त्यासाठी सैन्याचे सामान नको. दूरचित्रवाणी संचाचा रिमोट घ्या. त्याच्या टोकाला जो लहानसा काचेचा दिवा असतो, तो अवरक्त किरणांचाच असतो. खोलीत अंधार करून मुलांना त्याकडे पाहायला सांगा आणि बटण दाबा. कोणाला काहीच दिसणार नाही. मग मोबाइलचा कॅमेरा सुरू करून त्याच्या पडद्यावर पाहायला सांगा. बटण दाबताच तो दिवा लुकलुकताना दिसेल. एखाद्या मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यात अवरक्त किरण अडवणारी काच असते. तसे असेल तर पुढच्या कॅमेऱ्यातून पाहावे. मग मुलांना दोन गटांत बसवा. एका गटाजवळ फक्त रिमोट, दुसऱ्याजवळ फक्त मोबाइल. अंधारात रिमोटवाल्यांनी कुठेही लपून बटण दाबावे आणि मोबाइलवाल्यांनी त्यांना हुडकावे. कोण कोणाला आधी सापडतो, हे पाहून मुलेच तुम्हाला सांगतील की गोलानवर काय घडले असेल.

हर्शेल यांचा लोलकाचा प्रयोगही शाळेत करता येतो. तापमापकाचे फुगे काळे करून ते तांबड्याच्या पलीकडे ठेवावे आणि चार-पाच मिनिटे वाट पाहावी. मुलांनी सूर्याकडे थेट पाहू नये, एवढी काळजी मात्र घ्यावी. जिथे काही दिसत नाही तिथे पारा वर चढताना पाहिला, की आपल्या डोळ्यांना जेवढे दिसते तेवढेच जग नाही, हे मुलांना पुस्तकाशिवाय पटेल.